जनूकाकांचा ओटा

जनूकाकांच्या घरी मी कधी स्वतःचं तोंड पाहिलेलं नाही. आरसा होता, नाही असं नाही. मोरीजवळच्या भिंतीवर, चांगला जाड काचेचा. पण तो ठोकलेला काकांच्या तोंडाच्या उंचीवर. मी समोर उभा राहिलो की त्यात पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसायचं, आणि टाचा उंच केल्या तर माझं टक्कल. दाढी मी तिथे अंदाजानेच करायचो. रोह्याहून पेणला परत आलो की बायको गालाकडे बघून विचारायची, "काकांकडे मांजर पाळलंय का?"

जनूकाका म्हणजे माझ्या यमूमावशीचे यजमान. उंची सहा फूट आणि वर अजून काहीतरी. ते दारातून आत यायचे ते नमस्कार केल्यासारखे वाकून, त्यामुळे नवख्या पाहुण्यांना उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. 'उभं राहून' हे मी शब्दशः सांगतोय. प्रत्येक वस्तूची जागा ठरवताना काका भिंतीला लागून उभे राहायचे आणि हात जाईल तिथे मेस्त्रीला खूण करायला लावायचे. त्यामुळे कडी, खुंटी, दिव्याचं बटण, सगळं वरच्या मजल्यावर असल्यासारखं. देव्हाराही तसाच. यमूमावशी देवाला फुलं वाहायची नाही, फेकायची. एखादं जास्वंद देवाच्या पायाशी पडलं तर पडलं, नाहीतर परत येऊन तिच्याच डोक्यावर. "मलाच पावतो हल्ली," म्हणायची.

कारण मावशी काकांच्या शर्टाच्या खिशाला लागायची. लग्नातल्या फोटोत मात्र दोघं बरोबरीची दिसतात. फोटोग्राफरने मावशीला एका खोक्यावर उभं केलं होतं आणि खोकं शालूच्या निऱ्यांत गडप झालं होतं. हा फोटो त्यांच्या घरात लावलेला होता. अर्थात काकांच्या उंचीवर. मावशीने तो लग्नानंतर जवळून असा कधी पाहिलाच नव्हता.

काका धाटावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मुख्य आचारी होते. कंपनीत कसलीशी रसायनं तयार व्हायची. काका म्हणायचे, "त्या गेटाच्या आत खाण्याजोगी वस्तू एकच बनते, ती माझ्याकडं." तिन्ही शिफ्टची जेवणं त्यांच्या हातची. त्याचा परिणाम असा झाला, की काकांना जगातली कुठलीही गोष्ट माणसांच्या आकड्याशिवाय कळेनाशी झाली. काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"माणसं किती?"

कुणाचं लग्न ठरलं, माणसं किती. कुणी गेलं, माणसं किती. मला मुलगा झाला तेव्हा मी मुद्दाम पेढे घेऊन रोह्याला गेलो. "काका, मुलगा झाला." काका झाऱ्या हातात धरून म्हणाले, "वा! माणसं किती?" मी म्हटलं, "एकच, काका." तर म्हणाले, "मग ठीक हाय." कोकण रेल्वेच्या गाड्या नव्याने रोह्यावरून पुढे जाऊ लागल्या तेव्हा अख्खं गाव इंजिन बघायला गेलं. काका डबे बघत राहिले आणि परत येताना एवढंच बोलले, "एवढी माणसं, आणि आमटीचं काय?"

घरीही जेवणं शिफ्टने व्हायची. आम्ही चारच पाहुणे असलो तरी पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट. वेळ झाली की काका ताटावर डाव आपटायचे, तो भोंगा. पहिल्या शिफ्टमधलं कुणी गप्पा मारत रेंगाळलं की, "चला, पुढची माणसं उभी हायत," असं म्हणायचे. मागे वळून पाहावं तर यमूमावशी एकटी उभी.

निवृत्त झाल्यावर तर आणखी पंचाईत. काकांना दोघांचं करता येईना. हात कमी व्हायचाच नाही. मावशी सांगायची, "अवो, माणसं दोन हायत." काका "व्हय, व्हय," म्हणत डाळ घ्यायचे, आणि आमटी व्हायची ती आळीला पुरेल एवढी. मग मावशी वाट्या भरून घरोघर फिरायची. त्या आळीत कुणी आमटी करत नसे.

आता ओट्याकडे येतो. काकांच्या स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे काळ्या कडाप्प्याचा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बांधताना काकांनी मेस्त्रीला एकच माप सांगितलं होतं, "माझ्या बेंबीला लागला पायजे." म्हणजे तो माझ्या छातीला लागायचा आणि मावशीच्या गळ्याला. खाली कपाटं. ती कंपनीच्या भंगारात निघालेल्या मोठ्या खोक्यांच्या फळ्यांची होती, आणि दारं उघडली की आत बाण आणि 'ही बाजू वर' असा इंग्रजी छाप दिसायचा. त्या कपाटांत काकांची पातेली. त्यांना नावं होती. शंभराचं, पन्नाशीचं आणि सर्वांत लहान ते पंचविशीचं.

त्या ओट्यावर मावशीचं काम एकच. तांदळाची भाकरी. बाकी सगळं काका. भाकरी काकांना कधी जमली नाही. त्यांच्या पंजात पीठ घेतलं की भाकरीचं घावन व्हायचं. म्हणून मावशी भाकरीपुरती चौरंगावर चढायची. तोच चौरंग सत्यनारायणाला देवाला द्यावा लागायचा, म्हणून पूजेच्या दिवशी त्या घरात भाकरी नसायची.

"यमूला भाकरीशिवाय काय येत नाय," असं काका सगळ्यांना कौतुकाने सांगायचे. मावशी मान हलवायची. माझी आई मात्र हे ऐकलं की तोंडाला पदर लावायची. एकदा घरी आल्यावर मला म्हणाली, "अरे, माहेरी हमरापूरला लावणीच्या दिवसांत सगळ्या बायामाणसांचं कालवण यमू एकटी करायची. बोटं चाटायचे लोक. लग्न झालं, नवऱ्याला चुलीशी उभं राहायची एवढी हौस बघितली, तर ही म्हणाली, मला येत नाय. झालं."

"पण मग खरं का नाही सांगत?"

"सांगितलं तर तो कुठं उभा राहील?" आई म्हणाली. मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नाही. मी पेणच्या शाळेत भूमिती शिकवतो. सिद्धतेच्या पायऱ्या दिल्याशिवाय मला काही कळत नाही.

दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात ती दोघं आणि अख्ख्या आळीची आमटी.

मग एके दिवशी रोह्याच्या बाजारात काका भाजीची पिशवी खाली ठेवून बसले ते उठेनात. त्यांना पनवेलला नेलं. मी तिथे गेलो तर काका खाटेवर, पाय खाटेच्या बाहेर. मला बघून म्हणाले, "डॉक्टर बोलले, हृदय आकारानं वाढलंय. मी म्हटलं, आमच्यात सगळंच मोठ्या मापाचं." हसलो दोघंही. नंतर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. गोळ्या आहेत, पथ्य आहे, पण फार लांबचा हिशेब धरू नका, असा त्याचा अर्थ. आत परतलो तेव्हा काकांनी मला काही विचारलं नाही. त्यांनी आधीच डॉक्टरांकडून सगळं वदवून घेतलेलं होतं.

काका घरी आल्यावर पंधरवड्यात आमच्या शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांचा निरोप. "टेप घेऊन ये. ओटा उतरवायचाय."

मी गेलो. ओट्याशी हरीमेस्त्री बसला होता, हा गवंडीकामही करतो आणि सुतारकामही. काका खुर्चीत. आणि मावशी ओट्याला पाठ लावून उभी, बस अडवायला रस्त्यात उभं राहतात तशी.

"ओटा हाय तसा रव्हू दे," मावशी म्हणाली.

"तुझ्या मापाचा करायचा, यमुने."

"कशाला? भाकरीपुरती तर चढते मी. बाकी तुम्ही हाव ना."

मेस्त्रीने पेन्सिल कानाला लावली.

"चौरंगावरनं पडशील एक दिवस," काका म्हणाले.

"इतकी वर्षं नाय पडले."

"इतकी वर्षं मी बाजूला होतो गो."

मेस्त्री खाकरला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "माप घ्या, गुरुजी." मावशीने पदर खोचला, नाक ओढलं आणि बाजूला झाली.

मापाची रीत मेस्त्रीने सांगितली: कोपरापासून चार बोटं खाली तिथे ओटा. काका म्हणाले, "यमुने, भाकरी थापायला उभी राहतेस तशी रव्ह. काखोट्या आवळू नको. रोजच्यासारखी." मावशी रोजच्यासारखी उभी राहिली. मी खाली बसून टेपचं टोक जमिनीला लावलं, मेस्त्रीने कोपराशी बोट धरलं, आणि मी आकडा वाचला. पुन्हा वाचला. मावशीच्या मापाने ओटा जेमतेम दोन बोटं उतरवायचा होता.

"एवढाच?" काका म्हणाले. "ही इतकी उंच झाली कधी?"

"वयानं माणूस ताठ होतो," मेस्त्री म्हणाला. हे कुठलं शास्त्र, मला माहीत नाही. पण माझ्या हातात टेप होती आणि टेप खोटं बोलत नाही, असं मी वर्गात मुलांना सांगत आलोय. दोन बोटं तर दोन बोटं.

दुसऱ्या दिवशी आळीतल्या चार जणांनी कडाप्पा उचलला. मेस्त्रीने विटा फोडून आधार दोन बोटं खाली घेतले, कपाटं काढून बुडातून तेवढीच कापली, पुन्हा सगळं बसवलं. आळीतल्या लोकांनी येऊन ओटा बघितला, आणि सगळे "छान" म्हणाले. फरक कुणाला कळला नाही, पण काकांकडची आमटी सगळ्यांनी खाल्लेली होती.

"चल गो, पहिला चहा तुझ्या हातचा," काका म्हणाले. आणि जाता जाता त्यांनी पायाने चौरंग ओट्यापासून दूर सरकवला. "आता याचं काम संपलं."

मावशी पुढे आली. ओट्यापाशी उभी राहिली. ओटा अजून तिच्या गळ्याशीच होता.

आम्ही चौघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग काकांनी चौरंगाकडे बघितलं, मी टेपकडे बघितलं, आणि मावशीला हसू फुटलं. ती खाली बसून, डोळे पुसत, पदर तोंडात धरून हसली. माप घेताना ती चौरंगावर चढून उभी होती. रोजच्यासारखी! साडीच्या निऱ्यांनी चौरंग झाकला होता, आणि आम्ही तिघा पुरुषांनी चौरंगासकट मावशी मोजली होती. आम्हाला कुणालाच संशय आला नाही, कारण त्या ओट्यावर काम करताना मावशीला चौरंगाशिवाय कुणी बघितलंच नव्हतं.

"भूमिती शिकवतोस काय रे तू?" काका म्हणाले. "माणसं किती हायत वर्गात?"

आता, मावशी सवयीने चढली की मुद्दाम, हे मी नक्की सांगू शकत नाही. विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, "मला काय कळतं त्यातलं?" पण हसता हसता तिने ओट्याच्या कडेवर हात ठेवला होता. पोर कुणी ओढून नेईल म्हणून धरावं, तसा.

काका ऐकणारे नव्हते. पुन्हा कडाप्पा निघाला, पुन्हा विटा फुटल्या. या वेळी काकांनी स्वतः मावशीच्या पायांशी बसून निऱ्या बाजूला करून पावलं जमिनीला टेकली आहेत की नाहीत हे बघितलं. कपाटंही कापली, या खेपेला चांगली घसघशीत, आणि बाण छापलेला भाग जाऊ नये म्हणून बुडातूनच. बसवल्यावर कळलं की आता त्यांत शंभराचं पातेलं मावत नाही. पन्नाशीचंही नाही. पंचविशीचं आडवं घातलं तर कसंबसं.

काकांनी शंभराच्या पातेल्यावरून हात फिरवला, आतून, बाहेरून. मग आळीतल्या गणेशोत्सव मंडळाच्या पोरांना हाक मारली. पोरं पातेलं उचलून निघाली तेव्हा विचारलं, "भंडाऱ्याला माणसं किती असतात रे?"

"लय असतात, काका."

"मग बरं," काका म्हणाले, आणि आत जाऊन बसले.

पुढे सवयींनी त्रास दिला. पहिल्याच सकाळी काकांनी चहा ओतला, कप नेहमीप्रमाणे बाजूला ठेवला, आणि कप फुटला. त्यांनी तो जुन्या ओट्याच्या उंचीवर ठेवला होता, तिथे आता नुसती हवा होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मग मावशीने घरातले काचेचे कप बाजूला काढून स्टीलचे पेले काढले. भिंतीवर जुन्या ओट्याची रेघ राहिली होती; वरती फरशा, खाली खरवडलेला गिलावा. मेस्त्री म्हणाला, बुजवून देतो. मावशी म्हणाली, "रव्हू दे. कप कुठवर येतो ते त्यांना दिसेल." कप कुठवर येतो ते बघायला भिंतीवर रेघ कशाला हवी, हे मेस्त्रीने विचारलं नाही. शहाणा माणूस.

काकांचा हेतू मावशीला तयार करायचा होता. कंपनीत नवीन माणसाला देतात तसं ट्रेनिंग. पथ्य म्हणून स्वतः आचेशी उभं राहायचं नाही, तिने करायचं, यांनी बघायचं. मी मधून मधून रविवारी जायचो. दर वेळी काकांची तक्रार एकच. "हिच्या डोक्यात मीठच राहत नाय रे. आमटी अळणी, कालवण अळणी. मी उठून घालावं तेव्हा होतं. हिचं पुढं कसं व्हायचं?" आणि खरोखर काळजीने त्यांचा चेहरा उतरायचा.

गेल्या भेटीतलं सांगतो आणि थांबतो. मी मागच्या दाराने शिरलो, म्हणून दोघांना चाहूल लागली नाही. काका पुढच्या खोलीत होते. मावशी ओट्याशी, जमिनीवर पावलं टेकून, हाताला भाकरीचं पीठ लागलेलं तशीच कालवण ढवळत होती. मसाला परतण्याचा तिचा हात बघितला आणि मला आईचं म्हणणं पटलं. शिकणाऱ्याचा हात तो नव्हेच. कालवणाचा थेंब तळहातावर घेऊन तिने चाटला. मिठाच्या बरणीकडे हात नेला, झाकण काढलं. मग झाकण परत लावलं आणि बरणी ओट्याच्या पलीकडच्या टोकाला सरकवून ठेवली.

"अवो," तिने हाक मारली, "जरा बघता काय? मला काय समजत नाय."

काका आले. आता त्यांना जास्त वेळ उभं राहवत नव्हतं, आणि वाकायचं तर मुळीच नाही. त्यांनी ओट्याखालून चौरंग ओढला, मावशीचा जुना, आणि त्यावर बसले. गुडघे कानांशी आले. ओटा बरोबर हनुवटीला लागला. डावातलं कालवण चाखून त्यांनी कपाळावर हात मारला.

"मीठ, यमुने! मीठ!"

"विसरले बघा."

"अशी विसरशील तर कसं व्हायचं गो?" त्यांनी हात लांब करून बरणी घेतली, चिमटीने मीठ घातलं, पुन्हा चाखलं. "हां. आता बघ." चेहरा असा, की पाळी बदलायच्या भोंग्याआधी सगळं तयार आहे.

मी दारात उभा होतो. काका चौरंगावर बसल्यामुळे मला त्यांचं डोकं वरून दिसलं. टाळूवर बशीएवढं टक्कल. इतक्या वर्षांत मला त्याचा पत्ताच नव्हता. मावशीलाही नसावा. ती हातातला डाव तसाच धरून त्या टकलाकडे बघत होती. मग पिठाचा हात झटकायचा राहून गेला आणि तो तिने काकांच्या डोक्यावर ठेवला.

"आता नीट ऐक," काका म्हणाले. त्यांनी हात काढला नाही, वर बघितलंही नाही. "मापं समजून घे. मी काय रोज उठून यायचा नाय. एका माणसाला कोकम किती, मसाला किती..."

"एका माणसाचं नको शिकवू," मावशी म्हणाली. तिला काकांशी एकेरीत बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. "मला एकाचं जमायचं नाय. आताच सांगून ठेवते. दोनाचं सांग."

कालवणाला उकळी आली. मावशीने आच कमी केली आणि तेवढ्यात तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"कधी आलास रे? ये, बस." आणि चौरंगावरच्या काकांकडे वळून, ताटावर डाव आपटून विचारलं, "काय मास्तर, माणसं किती?"

काकांनी मान वळवून मला पाहिलं. केसांत पीठ लागलेलं होतं. त्यांनी सावकाश मोजलं, एकेका माणसावर बोट ठेवून, शंभर माणसं मोजावीत तेवढा वेळ घेऊन.

"आज तीन," ते म्हणाले. "रोजची दोन."